कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला कोणता स्वभाव लागतो?

(सेनगाव येथे अकरावी-बारावीचे विद्यार्थी आणि त्यांचे पालक यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचं हे शब्दांकन. बोलण्याची धाटणी शक्य तितकी तशीच ठेवली आहे. फळ्यावर केलेली गणितं मजकुरात घेतली आहेत. शेवटी निवडक प्रश्नोत्तरं आहेत.)



कॉम्प्युटर इंजिनिअरिंग घ्यायचं म्हटलं की आपल्याकडे तीन प्रश्न विचारले जातात. पर्सेंटाइल किती लागेल? लॅपटॉप कोणता घ्यायचा? आणि पॅकेज किती मिळेल? तिन्ही प्रश्न रास्त आहेत. लेकरू चार वर्षं नांदेडला नाहीतर पुण्याला ठेवायचं म्हणजे खर्च लहान नाही, आणि ज्या वर्षी सोयाबीनला भाव नसतो त्या वर्षी तर तो फारच मोठा वाटतो. पण या तिन्हींच्या आधी एक चौथा प्रश्न आहे. तो फारसा कुणी विचारत नाही. या अभ्यासाला जो स्वभाव लागतो, तो माझ्यात आहे का? आणि नसेल तर तो अंगी लावून घेता येईल का?

आज आपण त्याच प्रश्नावर बोलू. पर्सेंटाइल आणि लॅपटॉपचं शेवटी बघू.

आधी हा अभ्यास असतो काय ते सांगतो, कारण इथेच मोठा गैरसमज आहे. पुष्कळ जण म्हणतात, ‘आमचा मुलगा मोबाइलमध्ये लई हुशार आहे, एमएस-सीआयटीपण केलंय, त्याला कॉम्प्युटरला टाकू.’ एमएस-सीआयटी चांगला कोर्स आहे, पण तो कॉम्प्युटर वापरायला शिकवतो. ट्रॅक्टर चांगला चालवणं आणि ट्रॅक्टरचं इंजिन तयार करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत ना? तसंच हे. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी गणित, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि प्रोग्रामिंगची ओळख असते. पुढे डेटा स्ट्रक्चर्स येतं, म्हणजे माहिती कशी रचून ठेवली की ती लवकर सापडते. मग ऑपरेटिंग सिस्टीम, डेटाबेस, नेटवर्क, कंपायलर. रंगीत स्क्रीन यात फार कमी दिसते. बराचसा वेळ कागद, पेन्सिल आणि आपण लिहिलेला, न चालणारा प्रोग्राम यांच्यासोबत जातो. ‘न चालणारा’ हा शब्द लक्षात ठेवा.

देवळालीच्या मास्तरांचं गणित

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर हे नाव किती जणांनी ऐकलंय? दोन-तीन हात वर आहेत. १९०५ साली डहाणूला जन्मलेले कापरेकर नाशिकजवळ देवळालीला शाळेत शिक्षक होते. पदव्युत्तर पदवी नाही, प्रयोगशाळा नाही, कॉम्प्युटरचा तर प्रश्नच नाही. आकड्यांशी खेळायचा नाद मात्र जबरदस्त. त्यांनी १९४९ साली एक गोष्ट शोधली, ती आज जगभर कापरेकर स्थिरांक म्हणून ओळखली जाते.

कागद घ्या. हे नंतर वाचणार असतील त्यांनीही घ्यावा. चार अंकी एक संख्या घ्या, समजा ३५२४. तिचे अंक उतरत्या क्रमाने लावा, ५४३२. चढत्या क्रमाने लावा, २३४५. मोठीतून लहान वजा करा, ३०८७. आता त्या उत्तरालाच तसं करा. ८७३० वजा ०३७८, आले ८३५२. पुन्हा करा. ८५३२ वजा २३५८, आले ६१७४. आणि ६१७४ ला तसंच केलं तर? ७६४१ वजा १४६७, परत ६१७४. इथे गाडी थांबते. कुठलीही चार अंकी संख्या घ्या, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत तुम्ही ६१७४ ला पोचता.

‘कुठलीही’ म्हटलं की आपण गप्प बसायचं नाही. मला एक संख्या सांगा.

(समोरून : २२२२!)

छान. २२२२ वजा २२२२, शून्य. म्हणजे नियम मोडला. मग ‘कुठलीही’ हा शब्द दुरुस्त करू. चारही अंक सारखे नसलेली कुठलीही. अजून कुणी?

(समोरून : एक हजार.)

करा बरं सगळे. १००० वजा ०००१. किती? ९९९. पुढे? ९९९ वजा ९९९, शून्य. परत नियम मोडला? अर्ध्या लोकांच्या वहीत शून्य आलंय. पण तिकडे मागच्या बाकावर ६१७४ आलंय. दोघांनीही वजाबाकी बरोबर केली आहे. मग फरक कुठे पडला?

मागच्या बाकावर ९९९ च्या जागी ०९९९ लिहिलंय. आपण चार अंकांचा खेळ खेळतोय, म्हणून पुढचं शून्य टाकून द्यायचं नाही. ९९९० वजा ०९९९, ८९९१. मग ८०८२, मग ८५३२, मग ६१७४. पाच पायऱ्या.

आता बघा, या पाच मिनिटांत कॉम्प्युटर इंजिनिअरिंगचं निम्मं काम आपण करून घेतलं. पायऱ्या ठरवल्या. त्या परत परत केल्या. कुठे थांबायचं ते ठरवलं. मग नियम मोडतो का हे बघायला मुद्दाम वाकड्या संख्या घातल्या. आणि एका शून्यापायी अर्ध्या वर्गाचं उत्तर चुकलं. माणसाला ‘पुढचं शून्य धर’ असं नजरेनं सांगता येतं, यंत्राला नाही. यंत्राला जे सांगितलं तेवढंच ते करतं. आपल्या मनात असलेलं पण न सांगितलेलं ते करत नाही. म्हणून या अभ्यासाला लागणारा पहिला गुण म्हणजे मनातलं एकही पाऊल न गाळता सांगता येणं. दुसरा गुण, ‘२२२२ घातलं तर काय होईल?’ असं विचारायची खोड. शाळेत या खोडीला कधी कधी आगाऊपणा म्हणतात. आमच्याकडे तिला टेस्टिंग म्हणतात आणि तिचा पगार मिळतो.

मोटर चालू होत नाही

तिसरा गुण सगळ्यांत महत्त्वाचा. ज्याचं उत्तर शून्य आलं त्यानं पुढे काय केलं, हे त्यातून कळतं.

शून्य आल्यावर मुलं तीन प्रकारे वागतात. एक जण शेजाऱ्याचं बघून ६१७४ लिहून टाकतो. दुसरा म्हणतो, ‘मला गणित जमतच नाही.’ तिसरा आपल्या वहीत बोट ठेवून वरून खाली ओळ न् ओळ बघत येतो आणि ‘हां, इथे घसरलं’ म्हणतो. हा विषय त्या तिसऱ्या मुलाचा आहे. त्याला बारावीला किती टक्के पडले हे मी नंतर विचारीन.

कारण असं आहे की प्रोग्राम पहिल्या फटक्यात बरोबर चालणं हे फार क्वचित घडतं. पहिल्या वर्षाच्या मुलाचंही घडत नाही आणि वीस वर्षं काम करणाऱ्याचंही घडत नाही. फरक एवढाच की वीस वर्षंवाल्याला त्याचं वाईट वाटत नाही. तो चूक शोधायला बसतो. दिवसभरातला बराच वेळ तो हेच करतो.

आणि ही चूक शोधायची विद्या तुमच्या घरात आहे. विहिरीवरची मोटर चालू झाली नाही तर तुमचे वडील काय करतात? एकदम मोटर उचलून दुकानात नेतात का? नाही. आधी लाइट आहे का बघतात. मग तिन्ही फेज आहेत का, डीपीवर एखादा फ्यूज गेलाय का. मग स्टार्टर. मग केबल. मोटर फिरतेय पण पाणी येत नाही, असं असेल तर फूटव्हॉल्व्हकडे नजर जाते. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि काय फरक पडला ते बघायचं. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर मोटर सुरू होईल, पण कशानं सुरू झाली ते कळणार नाही, आणि परवा परत बंद पडली की पहिल्यापासून सगळं. याला आमच्याकडे डीबगिंग म्हणतात. नाव नवं, काम जुनंच.

यात एक युक्ती आणखी आहे. वावरात लांब पाइपलाइन गाडलेली आहे आणि पाणी शेवटाला पोचत नाही. कुठे फुटलीय? एका टोकापासून उकरत गेलात तर दिवस जाईल. मधोमध उघडून बघितलं, तिथे पाणी येतंय, म्हणजे बिघाड पुढच्या अर्ध्यात. आता त्या अर्ध्याचा मध्य बघा. दर वेळी निम्मी लाइन सुटते. १,००० नावांची बाराखडीनं लावलेली यादी असेल तर असं निम्मं-निम्मं करत कुठलंही नाव दहा नजरांत सापडतं, कारण एकाला दहा वेळा दुप्पट केलं की १,०२४ होतात. यादी दहा लाख नावांची असली तर? वीस नजरा. बस्स. असा विचार करताना ज्याला मजा वाटते, त्याला डेटा स्ट्रक्चर्सचा विषय जड जाणार नाही.

‘आणि’, ‘किंवा’ आणि अडकलेला अर्ज

आता गणिताचं. ‘गणित पक्कं लागतं का?’ असं विचारतात. लागतं, पण कुठलं गणित ते बघा. आपल्या राज्य मंडळाच्या बारावीच्या गणिताच्या पुस्तकात पहिलंच प्रकरण तर्कशास्त्राचं आहे. सत्यता सारण्या, ‘आणि’, ‘किंवा’, नकार, त्यात स्विचची सर्किटंसुद्धा. मुलं ते ‘सोपे मार्क’ म्हणून करतात आणि परीक्षा झाली की विसरतात. खरं म्हणजे कॉम्प्युटरच्या पोटात जे काही चालतं ते त्या प्रकरणावर उभं आहे.

एक उदाहरण घेऊ. समजा एका योजनेचा नियम आहे, सातबारा आणि आधार दोन्ही जोडलेले असतील तर अर्ज घ्यायचा, नाहीतर काय कमी आहे ते कळवून परत पाठवायचा. प्रोग्राम लिहिणाऱ्यानं लिहिलं, ‘सातबारा आहे आणि आधार आहे, तर घ्या. सातबारा नाही आणि आधार नाही, तर परत पाठवा.’ ऐकायला बरोबर वाटतं की नाही? आता एक मावशी सातबारा जोडतात, आधार राहून जातं. त्यांचा अर्ज घेतला जाईल का? नाही. परत जाईल का? तोही नाही. तो मध्येच अडकून बसेल. मावशी तालुक्याला खेटे घालतील आणि त्यांना उत्तर मिळेल, ‘प्रलंबित दिसतंय.’

चूक एका शब्दाची आहे. ‘हे आणि ते’ याचा नकार ‘हे नाही किंवा ते नाही’ असा होतो. तुमच्या पुस्तकात हा डी मॉर्गनचा नियम म्हणून आहे, दोन मार्कांचा. त्या दोन मार्कांपाठी एका माणसाचा हंगाम असू शकतो. म्हणून मी म्हणतो, चौथा गुण म्हणजे शब्दांबद्दलचा काटेकोरपणा. आणि त्याला चिकटूनच पाचवा, ज्या माणसासाठी हे करतोय तो डोळ्यांसमोर असणं.

हा पाचवा गुण खेड्यातल्या मुलांकडे जास्त असतो असं मला वाटतं, कारण त्यांनी अडकलेले अर्ज घरात बघितलेले असतात. सातबाऱ्यावर नाव एक, आधारवर स्पेलिंग दुसरं, बँकेत तिसरं. एकाच माणसाची तीन नावं एकच आहेत हे यंत्राला कसं कळावं? हा प्रश्न पुस्तकी नाही.

नुसतं ‘सेनगाव’ हा शब्द घ्या. किती अक्षरं? चार. से, न, गा, व. कॉम्प्युटर मोजतो सहा, कारण तो स आणि मात्रा वेगळी धरतो, ग आणि काना वेगळा धरतो. ‘हिंगोली’ला आपण तीन म्हणू, तो सात म्हणेल. आता कॉम्प्युटरला सांगितलं, सेनगाव उलटं लिही. आपण उलटं म्हणू ‘वगानसे’. तो लिहील ‘वागनेस’. (हशा.) हसलात ना? आता पुढचं बघा. एखाद्या फॉर्ममध्ये नावाला वीस खणांची मर्यादा घातली आणि खण असे मोजले, तर इंग्रजीतलं नाव मावेल आणि मराठी नाव अर्ध्यात तुटेल. हे आधी कुणाला खटकेल? ज्याची भाषा अशी आहे त्याला. तेव्हा मराठीतून शिकलो हा कमीपणा घेऊन जाऊ नका. हे निरीक्षण शिदोरी म्हणून न्या.

एकट्याचं काम नाही

विजय भटकरांचं नाव ऐकलं असेल. शेजारच्या वाशिमच्या पलीकडे अकोला जिल्हा, तिथलं मुरंबा हे त्यांचं जन्मगाव. इंजिनिअरिंग नागपूरला केलं. १९८८ साली पुण्यात सी-डॅक ही संस्था उभी राहिली आणि तिथे त्यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये परम ८००० हा महासंगणक तयार झाला. त्यातली कल्पना समजायला सोपी आहे. एकच प्रचंड ताकदीचा प्रोसेसर शोधत बसण्याऐवजी पुष्कळ प्रोसेसर एकत्र जोडायचे आणि काम वाटून द्यायचं.

काम वाटणं ऐकायला सोपं, करायला अवघड. सोयाबीन कापायला दहा माणसं लावली तर काम दहा पट लवकर होईल, जवळपास. पण दह्याचं विरजण लावायला दहा माणसं लावली म्हणून दही लवकर लागत नाही. कुठलं काम तुकड्यांत मोडतं आणि कुठलं मोडत नाही, कुठला तुकडा आधी व्हायला हवा, ही ओळख म्हणजे या अभ्यासाचा गाभा. आणि तुकडे झाले की माणसं आली. शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट तीन-चार जणांचा असतो. आपण लिहिलेलं दुसऱ्याला वाचता आलं पाहिजे. दुसऱ्यानं आपली चूक दाखवली तर राग गिळता आला पाहिजे. खोलीचं दार लावून एकट्यानं बसणारा हुशार मुलगा, हे सिनेमातलं चित्र आहे.

आपल्या जिल्ह्यातली मोठी चाचणी

चूक शोधायची वृत्ती किती वरपर्यंत जाते, हे सांगायला मला लांब जायची गरज नाही. औंढा नागनाथला लायगो-इंडियाची वेधशाळा होणार आहे, तुम्हाला ठाऊक आहे. २०२३ च्या एप्रिलमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं तिला सुमारे २,६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. काटकोनात दोन भुजा, प्रत्येकी चार किलोमीटर. गुरुत्वीय लहर येऊन गेली की त्या भुजांची लांबी बदलते. किती? एका प्रोटॉनच्या रुंदीच्या हजाराव्या भागाहूनही कमी. इतका बारीक बदल मोजायचा म्हटल्यावर दूरवरून जाणारी गाडी, वारा, जमिनीचा हलका कंप, सगळ्याचा गोंगाट त्यात मिसळतो. त्या गोंगाटातून खरी खूण वेचून काढायची कशानं? कॉम्प्युटरनं. लाखो वेळा ताडून बघत.

आता यातली गंमत ऐका. अमेरिकेतल्या लायगोच्या लोकांनी स्वतःचीच परीक्षा घ्यायची पद्धत ठेवली होती. २०१० च्या सप्टेंबरमध्ये मोजक्या चार लोकांनी गुपचूप एक खोटा सिग्नल यंत्रणेत घातला. बाकीच्या शेकडो शास्त्रज्ञांना पत्ता नाही. त्यांनी कित्येक महिने त्याच्यावर काम केलं, शोधनिबंधाचा मसुदासुद्धा तयार केला. २०११ च्या मार्चमध्ये लिफाफा उघडला गेला आणि कळलं की सिग्नल आपल्याच माणसांनी घातलेला होता. भांडणं झाली का? नाही. आपली पद्धत खरी खूण ओळखू शकते, याची खात्री झाली. पुढे १४ सप्टेंबर २०१५ ला खरी लहर सापडली, सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षं दूर एकमेकांत मिसळलेल्या दोन कृष्णविवरांची. तेव्हाही पहिला प्रश्न हाच होता, ‘परत आपल्याच कुणी घातलाय का?’ ते तपासूनच जगाला सांगितलं, २०१६ च्या फेब्रुवारीत.

२२२२ घालून बघणारा तो मुलगा आणि हे शास्त्रज्ञ एकाच जातकुळीतले. आपलंच म्हणणं पाडून बघायची तयारी दोघांत आहे.

घरबसल्या करायच्या चार परीक्षा

आता कामाचं सांगतो. तुमच्यात हा स्वभाव आहे का, हे बघायला लॅपटॉप लागत नाही. महिनाभर ह्या चार गोष्टी करा.

पहिली. सेनगावच्या बसस्थानकापासून तुमच्या घरापर्यंतचा रस्ता कागदावर लिहा. मग जो कधी तुमच्या घरी आला नाही अशा मित्राला तो कागद द्या आणि सांगा, कागदावर आहे तेवढंच करायचं. तुम्ही मागून चालायचं, तोंड उघडायचं नाही. तो जिथे थबकेल तिथे तुमचा कागद कमी पडला.

दुसरी. जुनी तपासलेली उत्तरपत्रिका काढा. चुकलेल्या प्रत्येक गणितात नेमकी कुठली ओळ चुकली त्यावर बोट ठेवा. ‘सिली मिस्टेक’ असं लिहायचं नाही. काय झालं ते लिहायचं. चिन्ह पडलं, सूत्र उलटं लावलं, प्रश्न अर्धाच वाचला. चार पत्रिका झाल्या की तुमच्या चुकांची सवय तुम्हाला दिसेल.

तिसरी. न येणारं एक गणित घ्या आणि मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवून पाऊण तास त्याच्यापाशी बसा. सुटलं नाही तरी चालेल. पाऊण तासानंतर काय वाटतं तेवढं बघा. ‘सुटलो एकदाचा’ वाटतं, की ‘अजून एक गोष्ट करून बघितली असती’ असं वाटतं?

चौथी. आज शिकलेली एक गोष्ट लहान भावंडाला समजावून सांगा. त्यानं ‘का?’ विचारलं की रागवायचं नाही.

महिन्यानंतर यातल्या दोन-तीन गोष्टींत रस वाढला असेल तर खुशाल या शाखेकडे या. सगळ्याचाच कंटाळा आला असेल तर तेही उत्तरच आहे. हातानं यंत्र उघडायला आवडणाऱ्याला मेकॅनिकल आहे, बांधकाम बघत उभं राहणाऱ्याला सिव्हिल आहे, इंजिनिअरिंगबाहेरही पुष्कळ जग आहे. एका महिन्यात ‘नको’ कळलं, तर चार वर्षं आणि घरचे पैसे वाचले.

प्रश्नोत्तरं

एक पालक : मुलगी मराठी माध्यमातली आहे. इंग्रजीत टिकेल का?

टिकेल, पण थोडी तयारी आत्तापासून करायला लावा. पुस्तकं आणि चुकीचे संदेश इंग्रजीत येतात. ती भाषा छोट्या वाक्यांची असते, साहित्याची नाही. रोज एक पान वाचायचं, कळलेलं मराठीत लिहायचं. आता मराठीतून इंजिनिअरिंगचीही सोय झाली आहे. २०२१ पासून अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेनं भारतीय भाषांतून शिकवायला परवानगी दिली आणि पिंपरी-चिंचवड कॉलेज ऑफ इंजिनिअरिंगनं मराठीतून कॉम्प्युटरची शाखा सुरू केली. पण खरी अडचण इंग्रजीची कमी आणि गप्प बसण्याची जास्त असते. पहिल्या सेमिस्टरला ‘मला कळलं नाही’ हे मोडक्यातोडक्या भाषेत का होईना, जी विचारते ती तरते.

विद्यार्थी : मार्क किती लागतात? आणि लॅपटॉप?

सध्याच्या पद्धतीत एमएचटी-सीईटी २०० गुणांची आहे. त्यात गणित एकटं १००, भौतिक ५०, रसायन ५०. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. गणिताचं वजन तुम्हीच बघा. कट-ऑफ दर वर्षी बदलतो, तो अधिकृत यादीतच बघायचा, ऐकीव आकड्यावर निर्णय नको. आपल्या बाजूला नांदेडचं श्री गुरु गोबिंदसिंगजी कॉलेज १९८१ पासून आहे, ते आधी बघा. दहावीनंतर तीन वर्षांचा डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला जाण्याचाही रस्ता आहे, तो कमी प्रतीचा समजू नका. लॅपटॉप प्रवेश झाल्यावर घ्या, साधा चालतो. खेळांसाठीचा महागडा लॅपटॉप अभ्यासाला लागत नाही.

विद्यार्थिनी : सर, आता एआयच कोड लिहितंय. मग आम्ही शिकून काय करायचं?

बरं झालं विचारलंस. मघाशी अर्ध्या वर्गाचं उत्तर शून्य आलं, आठवतं? यंत्र आता कोड झरझर लिहितं, आणि त्यातला बराचसा बरोबर असतो. पण ‘एक हजार घातलं तर?’ हे विचारायला कुणीतरी लागतं. त्या मावशीचा अर्ज अडकेल, हे दिसायला कुणीतरी लागतं. नुसता कोड टाइप करण्याचं काम कमी होईल, हे मी लपवणार नाही. चार वर्षांनी नोकऱ्यांचं चित्र काय असेल याची हमी कुणी देत असेल तर त्याच्यापासून चार हात लांब राहा. एवढं मात्र सांगतो, दुसऱ्यानं लिहिलेलं वाचून त्यातली चूक धरता येणं, ही गोष्ट उद्या जास्त लागेल. आणि ती शिकताना सगळी गणितं यंत्राकडून सोडवून घेतलीस, तर चूक धरायची नजर तयारच होणार नाही. आधी स्वतः लिहायचं, मग यंत्राला विचारायचं, मग दोन्ही ताडून बघायचं.

विद्यार्थी : वडील म्हणतात कॉम्प्युटर घे. मला शेतीत रस आहे.

शेतीत काय आवडतं तुला?

(विद्यार्थी : हळदीवर कुठला रोग पडला ते पानावरून ओळखायला आवडतं.)

म्हणजे तुला खुणा वाचायला आवडतात. हाच स्वभाव दोन्हीकडे लागतो. परभणीला कृषी विद्यापीठ आहे, तिथली माहिती काढ. त्या चार परीक्षाही महिनाभर कर. आणि एक वही घाल. रोज दहा झाडांची पानं बघायची, काय दिसलं ते लिहायचं, रोग कुठला वाटतो ते लिहायचं, आणि आठ दिवसांनी आपला अंदाज खरा ठरला का ते ताडायचं. चुकला तर का चुकला तेही लिही. महिन्यानं ती वही घेऊन वडिलांसमोर बस. पानं बघण्यात जास्त रस वाटला की नोंदी ताडण्यात, ते तिच्यातून तुम्हा दोघांनाही दिसेल. मग शाखेचं नाव ठरवा.